मामाजींच्या नावाचं तेल

आमच्या तेलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या काळी यवतमाळच्या बाजारात ते दुकानाच्या पाटीवर होतं, बाटलीवर होतं, बसस्टँडजवळच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. पण ते माझ्या सासऱ्यांचं नाव, आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मोठ्या दिराला आम्ही भासरा म्हणतो, त्याचंही घेत नाही. नवऱ्याचं घ्यायचं ते फक्त उखाण्यात. आजच्या मुलींना हे ऐकून हसू येतं, येऊ द्या. मलाही ते तेव्हा फारसं पटत नव्हतं. पण पटत नसलं तरी तोंडातून शब्द निघत नाही, हे ज्यांनी डोक्यावर पदर घेऊन दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी माझं लग्न झालं. मी सातवी पास. सासरी बाजार ओळीत एक छोटं दुकान होतं, मागे राहतं घर, आणि घरामागे परस. परसातल्या चुलीवर सासूबाई माक्याचं तेल कढवायच्या. ही कृती त्यांच्या माहेरची, राळेगावकडची. नाल्याकाठचा माका मुळासकट उपटून आणायचा, धुवून पाट्यावर वाटायचा, रस गाळायचा, आणि तेल्याच्या घाण्यावरून आणलेल्या तिळाच्या तेलात तो मंद आचेवर आटवायचा. कापसाची वात बुडवून पेटवून पाहायची. तडतडली तर आत अजून पाणी आहे, चूल चालू ठेवायची. हे काम घाईचं नाही. सासूबाईंची मनगटं दुखायला लागली होती, म्हणून पहिल्या हिवाळ्यातच ते माझ्याकडे आलं. माझी बोटं तेव्हापासून काळी झाली ती झालीच. लग्नाकार्यात बायका माझा हात हातात घेऊन विचारायच्या, हे काय लागलं म्हणून.

तेव्हा तेलाला नाव नव्हतं. बाया आपापली शिशी घेऊन यायच्या, सासूबाई पळीनं घालून द्यायच्या. खेड्यांवरून बाजाराच्या दिवशी आलेल्या बाया, तांड्यावरच्या बाया, मास्तरणी, सगळ्या यायच्या. तेल चांगलं होतं. हे मी केलं म्हणून सांगत नाही.

मग दुकानात एक फिरता विक्रेता आला. तो नागपूरहून साबण, सुगंधी तेलं, पावडरचे डबे घेऊन यायचा. त्यानं मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं की काकाजी, तुमच्या मालाला नाव नाही, तेव्हा तो माल तुमचा नाही. उद्या कोणीही हेच तेल विकेल आणि तुम्ही बघत बसाल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण मामाजींच्या डोक्यात ते शिरलं ते त्यांच्या पद्धतीनं. त्यांनी फोटो काढून घेतला, फेटा बांधून, मिशीला तूप लावून. नागपूरच्या छापखान्यातून लेबलं आली. मध्ये त्यांचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरांत "माक्याचे अस्सल केशतेल".

आता हे नाव कसलं होतं, तर देवाचं. आमच्या जिल्ह्यात त्या नावाचा माणूस नाही असं गाव दाखवा. प्रत्येक आळीत एक, मोठ्या गावात गल्लीगल्लीत. मी जेवण वाढताना भीत भीत म्हटलं, "नुसतं माक्याचं तेल असं नाव ठेवलं तर?"

मामाजींनी ताटातून मान वर केली. "माका नाल्यावर फुकट उगवते. फुकटच्या गोष्टीचं नाव ठेवतं काय कोनी मालाले?"

विषय संपला. सासूबाई भाकरी थापत होत्या. लेबल त्यांनाही दाखवलं गेलं. त्यांनी हात पुसून ते हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो चांगला आला." त्यांना वाचता येत नव्हतं, पण वर काय लिहिलं असेल हे त्यांना कळलं असणारच.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी का चिडते ते कळेल. पहिल्याच बाजारी दुकानात एक बाई आली. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, गल्ल्यावर होते. मी आतल्या दारात उभी. बाई म्हणाली, "थे तेल द्या."

"कोनतं तेल, मावशी?"

"थेच."

"नाव सांगा ना. आता आपल्या तेलाले नाव आहे."

बाईनं पदर तोंडावर घेतला. "आमच्या घरच्यायचं नाव आहे थे. मी कशी घेऊ?"

तिच्यामागची म्हणाली, माझ्या भासऱ्याचं आहे. तिसरी, ती लग्न होऊन नुकतीच आलेली, तिच्या सासऱ्याचं. तांड्यावरच्या बायांनी तर तोंड उघडायचीही तसदी घेतली नाही, हनुवटीनं फोटो दाखवला. आमचे हे हसून हसून बेजार. मला हसू येत नव्हतं, कारण माझी गत त्यांच्यापेक्षा वाईट होती. त्या महिन्यातून एकदा यायच्या. मी रोज ते तेल करत होते, भरत होते, बाटल्यांना लेबल लावत होते, आणि माझ्या तोंडी त्याचं नाव "ते". ह्यांना हाक मारून सांगायचं, "ऐकलं का, त्याच्या बाटल्या संपल्या." कशाच्या? त्याच्या.

काही दिवसांत बायांनी आपली सोय आपणच करून घेतली. फोटोतल्या मिशीवरून तेलाला "मिशीवालं" म्हणायला लागल्या. मिशीवालं द्या, मिशीवाल्याची मोठी शिशी द्या. राळेगावच्या बाजारात, पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांत, सगळीकडे मिशीवालं. पुरुष नावानं मागत असतील म्हणाल, तर पुरुष केसाचं तेल विकत घ्यायला येतच नव्हते. बायको आणेल ते डोक्याला लावायचे.

मामाजींच्या कानावर हे आलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

तेल चालायला लागलं तसं नागपूरच्या एका वकिलांनी मामाजींना गाठलं. नवा कायदा आलाय, मार्का रजिस्टर करून घ्या, नाहीतर कोणी दुसरा करून घेईल. मामाजी एका पायावर तयार. अर्ज मुंबईला गेला. आधी आमची कामं नागपूरला व्हायची, आता सगळं मुंबईला, आणि मुंबईहून उत्तर येईपर्यंत माणूस विसरून जायचा की आपण काय विचारलं होतं. उत्तर आलं ते असं, की हे माणसाचं सर्वसाधारण नाव आहे. असं नाव एकट्याच्या मालकीचं करून देता येत नाही. गिऱ्हाईक या नावानं तुमचंच तेल ओळखतात, असा पुरावा असेल तर द्या.

वकिलांनी समजावून सांगितलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले, नुसतं "माका" ठेवलं असतं तरी अडचण आली असती, कारण ते मालाचंच वर्णन झालं. वस्तू जी आहे ते म्हणायचं नाही, माणसाचं नाव म्हणायचं नाही, मग म्हणायचं तरी काय, असं मला झालं. पण निदान एक गोष्ट कळली. लोक ज्या खुणेनं ओळखतात ती खूण धरायची. ती खूण तर सगळ्या जिल्ह्याला तोंडपाठ होती.

पुरावा गोळा करायला वकिलांनी आपला कारकून पाठवला. बाजाराच्या दिवशी तो दुकानासमोर खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसला. बाई आली की विचारायचा, तुम्ही कोणतं तेल घेता? बाया एकमेकींकडे बघायच्या. कोणी खुदकन हसायची, कोणी परत फिरायची. एक म्हातारी तेवढी हिमतीची निघाली. म्हणाली, "तुमी म्हना बाबू, मी हाव म्हनतो."

"आजी, मी म्हणून चालत नाही. तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

"माह्या तोंडून तं माहा बुढा मेल्यावरही नाही आलं. आता तुमच्यासाठी आनू काय?"

कारकून नागपूरचाच, आपल्यातलाच माणूस, त्याच्या घरी काय वेगळं असेल? दुपारी भजी खाताना तो ह्यांना म्हणाला, "हे सगळं मला समजते हो, पण मुंबईच्या साहेबाले इंग्रजीत कसं लिहून देऊ?" संध्याकाळी त्याची वही जवळजवळ कोरीच होती. जे लिहिलं होतं त्यात बहुतेक ठिकाणी "मिशीवालं".

त्या दिवशी मी पहिल्यांदा मामाजींसमोर स्पष्ट बोलले. डोक्यावर पदर, नजर खाली, पण बोलले. म्हटलं, "मिशीचंच रजिस्टर करा ना. फोटो आपला, मिशी आपली, बाया तेच म्हणतात. मिशी छाप."

"मिशी छाप?" मामाजी उठूनच उभे राहिले. "मिशी तं मांजरीलेही असते. इतकी वर्षं बाजारात नाव कमावलं थे मांजरीच्या मिशीसाठी काय?"

ह्यांच्याकडे पाहिलं. हे चपलांकडे पाहत होते. माझा नवरा माणूस म्हणून सोन्यासारखा, पण बापासमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्या घरात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्यांच्या त्या चपलांकडे पाहण्याचा.

अर्ज तसाच मुंबईत भिजत पडला. आणि इकडे पांढरकवड्याहून आमचंच तेल परत यायला लागलं, म्हणजे आमचं नाही, आमच्यासारखं. पांढरकवड्याचा एक व्यापारी आमच्याकडून पेट्या घेऊन हमरस्त्यावरच्या गावांत आणि जंगलाकडच्या खेड्यांत विकायचा. त्यानं पेट्या घेणं बंद केलं आणि स्वतःची बाटली काढली. लेबल त्याच रंगाचं, मध्ये फेटा बांधलेला मिशीवाला म्हातारा, वर तेच नाव. हे कसं, तर त्याच्या बापाचंही नाव तेच. फोटोही बापाचाच. खोटं काहीच नव्हतं, आणि बाटलीत मात्र रंग दिलेलं पांढरं खनिज तेल, त्यात माक्याचं पानही पडलेलं नाही. बाया मिशीवालं मागायच्या, दुकानदार मिशीवालं द्यायचा.

तक्रारी घेऊन त्या आमच्याकडे यायच्या. एक बाई मुलीला घेऊन आली, डोक्यात खपल्या धरलेल्या. बाटली माझ्यापुढे आपटून म्हणाली, "काय घातलं वो बाई याच्यात? लेकराचं डोस्कं पाहा." मी बाटली बघून सांगितलं, ही आमची नाही. ती म्हणाली, "नाही कशी? मिशी नाही काय हे?" मी लेबल शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, हा फेटा बघ, हा फेटा बघ. तिला त्यात फरक दिसला नाही. तिचं काय चुकलं? मला रडू कोसळलं ते त्या मुलीचं डोकं बघून, की इतकी वर्षं हात काळे केले त्यावर पाणी फिरलं म्हणून, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी आमच्या तेलाची एक बाटली तिला तशीच दिली. तिनं ती घेतली नाही.

तेव्हापासून ते तेल वाचवणं हा एकच ध्यास मला लागला. मामाजींना नाव वाचवायचं होतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं सगळे धरून चालले होते.

यवतमाळच्या कोर्टात दावा लागला. तारखांवर तारखा. कधी त्यांचा वकील नाही, कधी आमचा नागपूरहून येणार ती बस बंद पडली, कधी साहेबांची बदली. शेवटी मामाजींची साक्ष झाली. दाव्यात लिहिलं होतं की वादी स्वतः हे तेल तयार करतात. समोरच्या वकिलांनी सरळ साधा प्रश्न विचारला, चुलीवर आधी काय चढवता, तेल की रस? मामाजी म्हणाले, "जे हाताशी असेल थे." कोर्टात हशा पिकला. पुढच्या दोन प्रश्नांत त्यांना कबूल करावं लागलं की तेल घरात बाया करतात. म्हणजे सासूबाईंना बोलवा. पण सासूबाईंना कोर्टाचं नाव काढताच कापरं भरलं, त्या अंथरुणातून उठेनात. राहिले मी.

आमच्या वकिलांनी आदल्या दिवशी घरी येऊन बजावलं, "वहिनी, तेलाचं नाव स्पष्ट घ्यावं लागेल. लाजलात तर खटला बसला." मी मामाजींकडे पाहिलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कोर्टाचं काम आहे. कोर्टात चालते." मी वकिलांना पुन्हा एकदा विचारलं, मिशीचं काही दाव्यात घातलंय का? ते म्हणाले, दावा नावाचा आहे, आता मध्येच मिशी घालता येणार नाही. जणू मी त्यांना कोणाच्या तोंडावर मिशी चिकटवायला सांगत होते.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी उभी राहिले. न्यायाधीश नवीन आलेले, पश्चिमेकडचे, आमची बोली त्यांना नीट कळत नव्हती. समोरचे वकील मात्र आमच्यातले, म्हातारे, सगळ्या रीतीभाती जाणणारे. गोड आवाजात त्यांनी सुरुवात केली. तेल कसं करता, माका कुठून आणता, किती वर्षं करता. मी धडाधड सांगितलं. मग म्हणाले, "छान. आता या तेलाचं नाव सांगा."

टेबलावर आमची बाटली होती. मी तिच्याकडे बोट केलं. "त्याच्यावर लिहिलं आहे."

"ते आम्ही वाचलं. तुम्ही सांगा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि साक्षीदारानं उत्तर द्यावं असं सांगितलं. मागे बाकावर मामाजी बसले होते. शेजारी आमचे हे, चपलांकडे पाहत. मामाजींनी खाली घातलेली मान वर केली आणि हातानं खूण केली, बोल.

मी बोलले. बाटलीवर होतं तसंच, मागे "जी" नाही, "राव" नाही, शेतावरच्या गड्याला हाक मारावी तसं मोकळं नाव. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोन बायांनी पदर तोंडाला लावले. माझे कान तापले होते, आणि तरी मला वाटलं, झालं, सुटलो.

वकील तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "आजच्या आधी हे नाव तुम्ही कधी उच्चारलं होतं?"

"नाही."

"इतकी वर्षं तुम्हीच तेल करता, आणि एकदाही नाही?"

"नाही."

"तुमच्या सासूबाई?"

"त्या कशा घेतील?"

"दुकानात येणाऱ्या बाया काय नावानं मागतात?"

मी आमच्या वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते. शपथ घेतली होती, आणि खरं सांगायचं तर मला संतापही आला होता. ज्या गोष्टीसाठी मी घरात घसा कोरडा केला, ती विचारायला कोणाला पाहिजे होती, तर समोरच्या वकिलाला.

"मिशीवालं," मी म्हटलं.

लोक हसले. म्हातारे वकील हसले नाहीत. ते म्हणाले, "एवढंच विचारायचं होतं," आणि खाली बसले.

घरी आल्यापासून मामाजींनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. मी तांब्या पुढे केला की ते भिंतीकडे बघायचे आणि सासूबाईंना हाक मारायचे. हाताची ती खूण त्यांचीच होती, पण ती आता कोणाला आठवत नव्हती. आळीतल्या बाया विहिरीवर माझ्याशी बोलायच्या ते पूर्वीपेक्षा जपून. एकीनं विचारलंही, "तुला काहीच वाटलं नाही का गं?" मी बादली भरून घरी आले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. दावा फेटाळला. नाव सर्वसाधारण, प्रतिवादीच्या वडिलांचंही तेच, आणि वादीच्या स्वतःच्या साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार हे तेल त्या नावानं कोणी ओळखतच नाही. गिऱ्हाईक ज्या चित्रावरून ओळखतात त्याबद्दल वादीनं काही मागितलेलं नाही, म्हणून त्याचा विचार करण्याचं कारण नाही. हे सगळं आमच्या ह्यांनी अंगणात उभं राहून हळूहळू वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी घरात उजेड पडेल.

मामाजी म्हणाले, "नागपूरले जाऊ. अपील करू. नाव माहं आहे, मी सोडनार नाही."

"मामाजी, नाव बदला," मी म्हटलं. पदर घ्यायचंही भान राहिलं नाही. "फोटो तुमचाच ठेवा. मिशीवर अर्ज करा. त्याच्या बाटलीनं लेकरांची डोकी खराब होऊन राह्यली आणि नाव आपलं जाऊन राह्यलं. नाव तेच ठेवणार असाल तर मी तेल करणार नाही."

मी असं बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. हे पहिल्यांदा चपलांवरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागले.

"तू नाही केलं तं तुही सासू करन," मामाजी म्हणाले.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी कधी नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या आपल्या मनगटांकडे पाहत म्हणाल्या, "माहे हात नाही चालत आता." एवढंच म्हणून त्या परसात गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. अपील झालं, तेही गेलं. दुकान चाललं, तेल बंद झालं. पांढरकवड्याची बाटलीही फार टिकली नाही. शहरांतल्या मोठ्या कंपन्यांची तेलं आली आणि ती दोन्ही म्हाताऱ्यांच्या मिशा घेऊन गेली. मी घरापुरतं करत राहिले. घरातल्या कोणाच्या डोक्यात मी नंतर माझं तेल पाहिलं की जीव जळायचा, आजही जळतो. इतकी चांगली वस्तू, आणि एका माणसाच्या हट्टापायी बाजारातून गेली.

पण निकालाच्या त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या मागोमाग परसात गेले होते. धुतलेला माका सुपात पडून होता. वाटायचा की फेकायचा, काही ठरलं नव्हतं. त्या पाट्याजवळ बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"कसं वाटलं वं?" त्यांनी विचारलं.

"काय, आत्याबाई?"

"नाव घेतलं तं. कोर्टात."

मी खरं तेच सांगितलं. "काहीच नाही वाटलं. बाटलीवर लिहिलेलं वाचावं तसं वाटलं."

त्यांनी सूप जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तेल तं माह्या मायचं होतं. माह्यासोबत आलं या घरी. मले वाटे, एकदा तरी आपल्या तोंडानं सांगाव कोनाले, हे पाहा, हे अमुक तेल आहे, मी करतो." त्यांनी सुपातलं एक पान उचललं, बोटांत चुरलं, दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता त्यांचे ओठ उघडले. नावाचं पहिलं अक्षर मी स्पष्ट ऐकलं.

आतून मामाजींनी पाणी मागितलं. सासूबाईंनी ओठ मिटले, पदर डोक्यावर ओढून घेतला, तांब्या भरला आणि त्या आत गेल्या.